तिने माझ्यासाठी दिलेली ग्वाही

माझी बायको जाऊन अकरा महिने झाले. कशाने गेली म्हणून लोक विचारतात. हृदय थकलं होतं, छातीत पाणी झालं, नऊ दिवस हॉस्पिटलात होती, गेली. कागदावर तेच लिहिलंय आणि ते खरं आहे. पण तिच्या डोक्यावर हात ठेवून मी एक शपथ घेतली होती आणि ती सहा वर्षं रोज मोडत होतो, हे कुठल्या कागदावर नाही. शपथ मोडली म्हणून कोण मरत नाही, एवढं मलाही कळतं. कळून उपयोग होत नाही, एवढंच.

त्या खोट्या शपथेपायी एका परक्या पोरीचं नुकसान झालं. ते लिहायला बसलोय. शिक्षण सातवी, त्यामुळे जसं जमेल तसं.

माझा बाप गिरणीत होता. आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायचो, मी अजून तिथेच आहे. तरुणपणी मी अंधेरीच्या एका संशोधन संस्थेच्या कॅन्टीनमध्ये लागलो. चहा द्यायचा, ग्लास गोळा करायचे. पुढे कॅन्टीन दुसऱ्याकडे गेलं तेव्हा तिथल्या एका सरांनी मला आपल्या लॅबमध्ये घेतलं, काचेचं सामान धुवायला. साठीनंतरही कंत्राटावर ठेवलं. एकूण वीस वर्षं मी त्या बेसिनसमोर उभा होतो.

काच धुणं सोपं वाटतं, तसं नाही ते. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग मशीनमधून काढलेलं शुद्ध पाणी तीनदा. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते राहता कामा नयेत. मग भट्टीत वाळवायचं. वाळलं की ट्रेमध्ये लावून वर चांदीसारखा कागद ओढायचा. हातमोजे घालायचे असा नियम होता. मी ते खिशात ठेवायचो. हातमोजे घातले की हात घामेजतो आणि काच निसटते. सर दिसले की घालायचो, सर गेले की काढायचो.

आणि उचलायची माझी पद्धत कॅन्टीनमधली. कटिंगचे रिकामे ग्लास उचलतात तसे चार बीकर एका हातात. अंगठा एकाच्या आत, तीन बोटं तिघांच्या आत, चिमटा घेतला की चारही वर. छोटे बीकर होते, कटिंगच्या ग्लासापेक्षा थोडे बुटके. लॅबमधली पोरं हसायची. म्हणायची, "काका, दोन स्पेशल, दोन बिनसाखर." मलाही बरं वाटायचं. एवढ्या शिकलेल्या लोकांत आपलीही काहीतरी हातोटी आहे, असं.

तंबाखू मी सोळाव्या वर्षापासून खात होतो. डाव्या तळहातावर तंबाखू, नखाने चुना घ्यायचा, उजव्या अंगठ्याने मळायची. मग अंगठा पँटला पुसायचा, झालं.

मग माझा मेहुणा तोंडाच्या कॅन्सरने गेला. बायकोचा धाकटा भाऊ. शेवटी त्याच्या गालाला भोक पडलं होतं, पाणी पाजलं तर बाहेर यायचं. तिने ते दोन महिने स्वतःच्या हाताने पुसलं. त्याचं बारावं झालं त्या दिवशी तिने मला पाटावर बसवलं, माझा उजवा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणा. तंबाखूक हात लावूचंय नाय."

मी म्हटलं. त्या वेळी मनापासून म्हटलं होतं.

अठरा दिवस टिकलो. एकोणिसाव्या दिवशी लॅबमध्ये, बेसिनच्या मागच्या गॅलरीत, एका ड्रायव्हरकडून चिमूटभर घेतली. मग ड्रॉवरमध्ये डबी आली, दोन तोंडांची, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. घरी कधी नाही. मेट्रोत बसायच्या आधी तोंड धुवायचो, बडीशेप खायचो. मी मनाशी असा हिशेब लावला होता की शपथ घरची आहे, लॅब घराबाहेर आहे. माणूस स्वतःला काय काय पटवतो. तिने मात्र सगळ्या चाळीत सांगितलं, "आमच्यांनी एका दिवसात सोडल्यानी." मी मान खाली घालून ऐकायचो आणि लोकांना वाटायचं, केवढा साधा माणूस.

मग ती पोरगी लॅबमध्ये आली. कांदिवलीहून यायची. पीएचडी करत होती. अंगाने काडी, आवाज मोठा, आणि कामाला बसली की जेवायचं भान नाही. मी तिला दोन-तीनदा ओरडलो. मग माझी बायकोच माझ्याबरोबर तिचा डबा द्यायला लागली. कुळथाची पिठी, भात, कधी बांगड्याचं तिखलं. पोरगी डब्यात चिठ्ठी टाकून पाठवायची, "काकू, आज मीठ कमी, प्रेम बरोबर." बायको ती चिठ्ठी मला मोठ्याने वाचायला लावायची. गणपतीला ती आमच्याकडे येऊन गेली, दोघींनी फोन नंबर घेतले. आम्हाला मूलबाळ नाही. हे सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

तिचं काम एका जंतूवर होतं. काळा आजार म्हणून एक रोग आहे, बिहारकडे होतो, वाळूमाशी चावून. त्याचा जंतू एका पेशीचा. मी एकदा विचारलं, "एक पेशी म्हणजे काय गं? त्याला तोंड कुठे, पोट कुठे?"

"सगळं त्यातच, काका. वन रूम किचन."

मग तिने मला दुर्बिणीत दाखवलं. बारीक माशासारखे, पुढे शेपटी, वळवळत होते. म्हणाली, "आपल्या पेशीत शेकडो चुली असतात, शक्ती तयार करणाऱ्या. मायटोकाँड्रिया म्हणतात. ह्याच्यात एकच. मोठी, फांद्या फुटलेली, पण एकच. ती विझली की हा खलास. म्हणून मला ती चूल बघायचीय."

"विझवायची कशी?"

"ते कळलं तर औषध होईल. तिच्यात निरोप जातात-येतात. निरोप घेऊन जाणारा कोण माहितेय? कॅल्शियम. हाडांत असतं, दुधात असतं, तेच. पेशीत ते अगदी मोजून मापून ठेवलेलं असतं. थोडं वाढलं की पेशीला कळतं, काहीतरी करायचंय. पळायचंय, वाढायचंय, मरायचंय."

ती त्या जंतूंना एक रंग पाजायची. आत कॅल्शियम वाढलं की तो रंग उजेड द्यायचा, मशीनच्या पडद्यावर रेघ वर चढायची. तिचा प्रश्न असा होता: बाहेरच्या पाण्यात कॅल्शियम अजिबात ठेवलं नाही, तरी रेघ चढते का? चढली, तर ते आतूनच आलं, त्या एकुलत्या चुलीतून. मला इतकंच समजलं होतं, पण इतकं बरोबर समजलं होतं.

रेघ चढली. तिने सगळ्यांना पेढे दिले. मला दोन दिले, एक काकूसाठी. प्रत्येक बीकरात चढत नव्हती. चारातल्या एकात, कधी दोनात. पण ज्यात चढायची त्यात भिंतीसारखी सरळ चढायची. सर खूश झाले. संस्थेच्या बाहेरची मोठी माणसं काम बघायला येणार होती, त्यांच्यासमोर हे करून दाखवायचं ठरलं.

बाकी सगळे खूश होते आणि ही पोरगी एकटी नाराज. "चारात एकच का?" हेच डोक्यात. पाणी तपासलं, मीठ तपासलं, औषधांच्या बाटल्या बदलल्या. सगळं चोख. आठवडाभर ती नुसती लॅबमध्ये बसून सगळ्यांचे हात बघत होती. मग एका दुपारी माझ्या बेसिनपाशी आली. मी भट्टीतून बीकर काढून ट्रेमध्ये लावत होतो.

"काका, रागावू नका, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही तंबाखू खाता का? चुना लावून?"

मी म्हटलं, "का गं?"

"चुना म्हणजे कॅल्शियमच. तुमचं बोट बीकरात जातं. कणभर जरी लागला, तरी माझं सगळं गेलं. मग ती रेघ जंतूची नाही, चुन्याची. चारात एक. म्हणजे एकच बोट."

माझा अंगठा त्या वेळी बीकरातच होता. मला तेव्हापर्यंत खरंच माहीत नव्हतं. चुन्यात काय असतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे त्या क्षणी कळलं आणि त्याच क्षणी तोंडातून निघालं, "छे गं. सोडून जमाना झाला. विचार तुझ्या काकूला."

असं का बोललो? पुष्कळ विचार केलाय. नोकरी जाईल ही भीती नव्हती, सर रागावले असते आणि विसरले असते. भीती ही होती की पोरगी बायकोशी फोनवर बोलते, आणि तिच्या डोक्यावर ठेवलेला तो माझा हात खोटा ठरेल. आणि "विचार काकूला" हे मी सवयीने बोललो. ती विचारेल असं वाटलं नव्हतं.

तिने विचारलं. माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

"काकू, काका तंबाखू खातात का हो? खरं सांगा हां, माझ्या कामाचं आहे."

बायको हसली. म्हणाली, "अगो, माझ्या डोक्यावर हात ठेवन शपथ घेतल्यानी. ते एक वेळ उपाशी रवतील, पण माझ्याकडे खोटा नाय बोलूचे. तू निर्धास्त रव."

पोरीने फोन ठेवला आणि माझ्या खांद्याला हात लावला. "सॉरी काका. मला तुमच्यावर संशय घ्यायचा नव्हता."

यापुढचं जे आहे, ते चुन्यापेक्षा वाईट आहे.

त्या दिवसापासून मी हात धुवायला लागलो. साबणाने, नखं घासून, शुद्ध पाण्याने तीनदा. हातमोजेही घातले. तंबाखू सोडली नाही, फक्त हात स्वच्छ केले. मला वाटलं, चला, न बोलता दुरुस्त केलं, कोणाचं नुकसान नाही. माझ्या अकलेत एवढं शिरलं नाही की अंगठा धुतला की पोरीची रेघच जाईल, आणि ती कुठून आली होती हे तिला कधी दाखवता येणार नाही.

रेघ चढायची बंद झाली. एकदम बंद. चारात एक नाही, चाळीसातही एक नाही. मोठी माणसं आली तेव्हा तिने तीन वेळा करून दाखवलं आणि तिन्ही वेळा पडद्यावर रेघ आडवी, जमिनीसारखी. ती घामाने भिजली होती. त्यातल्या एकाने विचारलं, "पूर्वीचे आकडे कुठून आले?" ती म्हणाली, "याच मशीनवर आले." दुसरा नुसता सरांकडे बघून हसला. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो.

नंतर केबिनमध्ये सर तिला म्हणाले, ते बाहेर ऐकू आलं. "तू हे आकडे बनवलेस, असं मी म्हणणार नाही. पण लोक म्हणणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही."

ती तीन महिने आणखी झगडली. मग एक दिवस टेबल रिकामं करून गेली. जाताना मला म्हणाली, "काका, कदाचित मी बघितलंच नसेल. कदाचित मला हवं होतं म्हणून दिसलं असेल." स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही राहिला तिचा. त्यानंतर काकूलाही फोन करायची बंद झाली. बायको विचारायची, "पोर रागावली काय आमच्यार?" मी म्हणायचो, "मोठी माणसं, कामात असतात."

दीडेक वर्षापूर्वी मी काम सोडलं. निरोपाला शाल दिली, नारळ दिला, आणि माझ्या जागी आलेल्या माणसाने माझा ड्रॉवर रिकामा करून सगळं एका पिशवीत भरून दिलं. प्रेमाने दिलं त्याने. मी घरी आलो, हातपाय धुवायला गेलो, बायकोने पिशवी उघडली.

बाहेर आलो तर ती पाटावर बसलेली. पुढ्यात टॉवेल, चपला, नारळ, आणि डबी. चुन्याची बाजू उघडी होती. चुना ओला होता.

मला वाटलं, रडेल. भाऊ आठवेल. शपथ काढेल. तिने त्यातलं काहीच केलं नाही. आधी एकच गोष्ट विचारली, आणि ती माझ्या ध्यानातच आली नव्हती.

"मी त्या पोरीक काय सांगलंय?"

मी वाकून डबी बंद करायला गेलो.

"माझ्या तोंडान सांगलंय तिका. तिना माझ्यार विश्वास ठेवल्यान." मग म्हणाली, "तुमी शपथ मोडल्यात ती माझी नि तुमची गोष्ट. मी बघीन काय ता. पण तिका जावन सांगा."

"उद्या जातो," मी म्हटलं.

सात महिने मी उद्या जात होतो. कधी पाय दुखायचे, कधी पोरीचा पत्ता नव्हता, कधी वाटायचं, तिचं लग्न झालं असेल, विसरली असेल, उगाच खपली काढा कशाला. बायको भांडली नाही. सोमवारी सकाळी चहा पुढे ठेवताना विचारायची, "गेल्यात?" मी "नाही" म्हणायचो. मग ती दुसरं काहीतरी बोलायची, भाजीचं, पाण्याचं. तंबाखू आता मी तिच्यासमोरच खायला लागलो होतो, लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून. ती मान फिरवायची.

हॉस्पिटलात सहाव्या दिवशी तिला थोडं बरं होतं. नर्सने उशी उंच करून दिली होती. म्हणाली, "आज वार कुठला?"

"सोमवार."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गेलो होतो. सांगितलं तिला. काही रागावली नाही."

तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "बरा झाला."

तिच्याशी बोललेलं ते माझं शेवटचं धड वाक्य. तेही खोटं.

ती गेली आणि तंबाखू सुटली. लपवायला कोण नाही, मान फिरवायला कोण नाही. मजाच राहिली नाही, असं कुणी म्हणेल. तसं म्हणा.

बारावं उरकल्यावर मी लॅबच्या नव्या माणसाकडून पोरीचा ठावठिकाणा काढला. मुलुंडला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गेलो. जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. ती बाहेर आली, मला बघून हसली, मग माझं टक्कल बघितलं, डोक्यावरचे केस नुकते कुठे फुटत होते. "काकू?" म्हणाली. मी मान हलवली. ती तिथेच बाकावर बसली आणि तोंडावर ओढणी धरली.

तिचं रडणं थांबेपर्यंत मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत उद्यावर गेलं असतं. मी म्हटलं, "पोरी, चुना माझाच होता. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. नंतर हात धुवायला लागलो, म्हणून तुझी रेघ बंद झाली. काकूला माहीत नव्हतं. तिला मी फसवलं होतं."

तिने ओढणी खाली घेतली. माझ्या हाताकडे बघितलं.

"कुठलं बोट?"

"अंगठा."

"उजवा? दिवसातून किती वेळा? बीकर लावायच्या आधी की नंतर?"

मी सगळं सांगितलं. ती विचारत गेली, पोलीस विचारतात तसं. मंगळवारी जास्त का यायची रेघ? मी म्हटलं, मंगळवारी ड्रायव्हर ताजा चुना आणायचा. तेव्हा ती हसली, वेडीवाकडी, आणि मग म्हणाली, "चार वर्षं, काका. चार वर्षं मला वाटतंय की मी खोटारडी आहे आणि मलाच ते माहीत नाही."

"मला माफ—"

"नाही. ते मागू नका. मला आत्ता देता येणार नाही." ती उठली. "सरांना सांगा. मला सांगून काय होणार? मला तर खरं काय ते कळलं. बाकीच्यांना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीला सरांसमोर उभा राहिलो. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "काका, झालं ते झालं. घरी जा. तुमची बायको गेलीय, मन थाऱ्यावर नाही."

मी म्हटलं, "मन थाऱ्यावर आलंय म्हणून आलो."

सर आत गेले. मी बाहेरच्या बाकावर बसलो. बाकावर बसायची मला जन्माची सवय आहे. तो दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चला. दाखवा मला, कसं करायचात."

खाली टपरीवरून तंबाखू-चुना आणला. गॅलरीत उभं राहून मळली. तोंडात टाकली नाही, फेकली. अंगठा पँटला पुसला, रोजच्यासारखा. अंगठा स्वच्छ दिसत होता. मग भट्टीतले चार बीकर एका चिमट्यात उचलले आणि ट्रेमध्ये लावले. त्यातला अंगठ्याचा कुठला, ते मी सांगायचं नाही, असं सरांनी ठरवलं. लॅबमधल्या आताच्या बाईंनी चारही बीकरांत ते बिनकॅल्शियमचं पाणी घातलं, मग रंग पाजलेले जंतू, मग एकेक मशीनला लावला.

वीस वर्षांत मी ती रेघ कधी जवळून बघितली नव्हती. पहिला बीकर, आडवी. दुसरा, आडवी. तिसरा लावला आणि रेघ उभी राहिली. त्या बाई म्हणाल्या, "अय्या." चौथा आडवा.

"तिसरा?" सरांनी मला विचारलं.

"तिसरा."

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "ती बरोबर होती. चुकीचं होतं ते आमच्या काचेत." मग म्हणाले, "तिने मला म्हटलं होतं. एक बोट, म्हणाली होती. मग स्वतःच म्हणाली, नाही सर, मी खात्री केली."

ती खात्री म्हणजे माझी बायको. हे मी सरांना सांगितलं.

त्यांनी पत्र टाइप करून घेतलं. तिचे आकडे खरे होते, मशीनवर दिसले तेच तिने लिहिले, दोष काचेच्या सामानात होता, असं. खाली सही, शिक्का. त्या मोठ्या माणसांना पाठवतो म्हणाले आणि एक प्रत तिच्यासाठी माझ्याकडे दिली. पोस्टाने पाठवतो म्हणत होते. मी म्हटलं, मी नेतो.

मुलुंडला तिचा वर्ग सुरू व्हायचा होता. तिने जिन्यातच उभं राहून पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता चेहरा मोकळा होईल. तिने एका ओळीवर नख ठेवलं.

"'कर्मचाऱ्याच्या हातून नकळत' असं लिहिलंय."

"हो."

"मी विचारलं त्या दिवसापर्यंत नकळत. त्यानंतर नाही."

"नाही," मी म्हटलं. "त्यानंतर कळून."

तिने पर्समधून पेन काढलं आणि पत्र माझ्यापुढे धरलं. "लिहा खाली. तुमच्या हाताने."

जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून मी लिहिलं. अक्षर आधीच वाईट. लिहिलं की मला विचारलं तेव्हा मला कळलं होतं, तरी मी नाही म्हणालो. मग हात धुऊन पुरावा घालवला. माझ्या बायकोने जी ग्वाही दिली ती तिला खरी वाटत होती, ती खोटी माझ्यामुळे झाली. तिने मला सांगायला सांगितलं होतं, सात महिने. मी गेलो नाही. खाली सही केली.

तिने वाचलं. "सात महिने?" म्हणाली.

"दर सोमवारी विचारायची."

"आणि शेवटी?"

मी तिला हॉस्पिटलातलं सांगितलं. गेलो होतो म्हणून सांगितलं, ते.

तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, "मॅडम, बसलेत सगळे." तिने पत्राची घडी घातली, पुस्तकात ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी मला क्लास नसतो."

एवढंच बोलून आत गेली. याचा अर्थ ये असा, की येऊ नको असा, मी विचारलं नाही. पुढच्या सोमवारी गेलो. ती जिन्यात उभी होती.